मराठी बोलपट आणि सरकारची ओंजळ

मराठी चित्रपटाला सरकारने पैसा द्यावा की न द्यावा, हा वाद आपल्याकडे सहसा दोनच प्रकारची माणसे घालतात. ज्यांना तो पैसा मिळाला आहे ती, आणि ज्यांचा तो मिळायचा राहून गेला आहे ती. ज्यांच्या खिशातून तो जातो त्या आपणांस, म्हणजे फराळाची बशी शेजारी ठेवून हा अंक चाळणाऱ्या तुम्हांआम्हांस, कोणी विचारीत नाही. वास्तविक आपण सगळेच थोडेथोडे निर्माते आहोत. काड्यापेटीपासून मोटारीपर्यंत जे काही आपण विकत घेतो त्याचा कर सरकारजमा होतो, आणि त्यातला एक थेंब का होईना, कुठल्या तरी मराठी चित्रपटाच्या रिळात मुरतो. निर्माता म्हटला की त्याला दोन प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. पैसा कशावर गेला? आणि चित्र लागले आहे कोठे? मी जालन्यात राहतो, आणि जालन्यात बसूनच हे प्रश्न विचारणार आहे. पहिल्याचे उत्तर लांबलचक आहे. दुसऱ्याचे फार लहान आहे, आणि तेच मला अधिक बोचते.

आपल्या चित्रपटाचा पहिला भांडवलदार कोण, असे विचारले तर इतिहासाची पुस्तके दादासाहेब फाळक्यांचे नाव सांगतात. मला विचाराल तर तो मान सरस्वतीबाई फाळके यांचा. दादासाहेबांनी आयुष्याचा विमा गहाण टाकून १९१२ साली विलायतची वाट धरली, तेथून कॅमेरा आणला, आणि आता चित्र काढायला पैसा कोण देणार असा प्रश्न पडला. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, आणि दाण्याचा अंकुर, अंकुराचा वेल होईपर्यंत त्याची छायाचित्रे एकेक करून घेतली. पडद्यावर तो वेल क्षणार्धात वाढताना पाहून सावकाराचे मन द्रवले म्हणतात. चित्रपटासाठी कर्ज मागताना चित्रपटच तारण म्हणून दाखवायचा, ही कल्पना मला आजही थोर वाटते. तरीही पैसा पुरला नाही, आणि बाईंच्या अंगावरचे दागिने उतरले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तो या सगळ्यावर. परेश मोकाशी यांनी २००९ साली ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ काढला, त्यात हा सारा संसार मोठ्या खेळकरपणे आला आहे. त्या चित्राचे मला कौतुक आहे; पण खेळकरपणाच्या भरात दागिन्यांचे वजन जरा हलके झाले आहे, असे माझे मत आहे. घरातले सोने गहाण पडते तेव्हा घरात हशा पिकत नाही, हे कुठल्याही गृहिणीला विचारावे.

घरच्या सोन्यानंतर दरबारचे सोने आले. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, ती तानीबाई कागलकर या गायिकेच्या पैशावर. आणि पुढे बोलपटांच्या काळात खुद्द छत्रपती राजाराम महाराजांनी कोल्हापूर सिनेटोनला आश्रय दिला. लोकराज्य नव्हते, तेव्हा त्याला अनुदान म्हणत नसत, राजाश्रय म्हणत. पण पैसा रयतेचाच होता. त्या पैशातून कोल्हापुरात सुतार, रंगारी, शिंपी, छायालेखक, नट अशी एक पिढीच्या पिढी तयार झाली. प्रभात १९२९ साली तेथेच जन्मली, आणि मग पुण्यास गेली. ‘संत तुकाराम’ला १९३७ साली व्हेनिसमध्ये वाहवा मिळाली, ती अशा मुरलेल्या हातांना मिळालेली वाहवा होती.

आणि आमच्याकडे? आमचा जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. धीरेन गांगुली नावाच्या बंगाली गृहस्थाने १९२२ च्या सुमारास हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी काढली होती. ‘रझिया बेगम’ नावाचे चित्र त्याने दाखवले, त्यात मुसलमान राणी आणि हिंदू पुरुष यांची प्रेमकथा होती. निजाम सरकारचा रोष झाला आणि गांगुलीला गाशा गुंडाळून कलकत्त्याचा रस्ता धरावा लागला. कोल्हापूरच्या राजाने चित्रपटाला जागा दिली आणि हैदराबादच्या राजाने चित्रपटवाल्याला चालता केला. मराठवाड्यात स्टुडिओ का नाही, म्हणून पुण्यामुंबईचे मित्र मला विचारतात तेव्हा मी त्यांना ही गोष्ट सांगतो. १७ सप्टेंबर १९४८ ला आम्ही त्या राज्यातून सुटलो, १९५६ ला मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. तोपर्यंत बोलपटाची पंगत बसून अर्धी उठली होती.

स्वतंत्र भारताच्या सरकारने चित्रपटाचे काय करायचे ते ठरवायला स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ साली समिती नेमली. १९५१ साली तिचा अहवाल आला. चित्रपटांना कर्ज देणारे महामंडळ असावे, शिक्षणसंस्था असावी, अशा शहाणपणाच्या सूचना तीत होत्या. महामंडळ निघाले १९६० साली. नऊ वर्षे म्हणजे सरकारी हिशेबात फार नव्हेत. मधल्या काळात बंगालच्या सरकारने मात्र एक मोठी गंमत केली होती. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चे पैसे संपले, तेव्हा राज्य सरकारने मदत केली. चित्रपटासाठी पैसे देण्याचे खाते नव्हते. नावात ‘पथ’ होता, म्हणून तो खर्च रस्तेसुधारणेत घातला, असे सांगतात. सरकारने बांधलेला इतका टिकाऊ रस्ता माझ्या पाहण्यात दुसरा नाही!

महाराष्ट्राने निराळी वाट काढली. १९७५ च्या सुमारास करपरताव्याची योजना आली. मराठी चित्रावर जो करमणूक कर सरकारजमा होई, तो निर्मात्याला परत मिळे, मात्र त्याने पुढचे मराठी चित्र काढले तर. योजना दिसायला साधी आणि मनाने चांगली. तिच्यामुळे कारखाना बंद पडला नाही, हे तिचे श्रेय. पण तिच्या पोटात एक खोड होती. पुढचे चित्र ‘काढले’ की झाले. ते कसे काढले, हे विचारणारे कोणी नव्हते. मग पहिल्याच्या कमाईवर दुसरे, दुसऱ्याच्या परताव्यावर तिसरे, अशी चित्रे निघू लागली. गावचा पाटील तोच, तमाशाचा फड तोच, विहिरीवर घागर घेऊन जाणारी नायिकाही तीच. आमच्या गावाकडची विहीर उन्हाळ्यात फेब्रुवारीलाच आटते, पण पडद्यावरच्या विहिरीला बारमाही पाणी. शहरातल्या निर्मात्याने खेडे दाखवायचे आणि खेड्यातल्या प्रेक्षकाने ते मुकाट्याने बघायचे, असा तो व्यवहार होता.

या काळाला सरसकट नावे ठेवणे मात्र योग्य नव्हे. जब्बार पटेलांचा ‘सामना’ त्याच सुमाराचा, १९७५ चा. निर्माते रामदास फुटाणे. साखरकारखान्याच्या आवारात सत्ता कशी पिकते हे त्याने दाखवले, आणि तेही सहकाराचा सूर्य माथ्यावर असताना. दादा कोंडके यांनी ‘सोंगाड्या’पासून थिएटरे भरून दाखवली. त्यांच्या विनोदाला नाके मुरडणाऱ्यांत मीही कधीकधी असतो, पण सोनाराच्या पेढीपुढे लागते तशी रांग त्यांनी तिकिटाच्या खिडकीपुढे लावली, हे नाकारता येत नाही. पुढे ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली आला, तो आजही घरोघर दूरचित्रवाणीवर लागला की आजीपासून नातवापर्यंत सगळे बसतात. १९९१ चा ‘माहेरची साडी’ पाहायला बायका डोळ्यांना पदर लावून गेल्या आणि पदर ओला करून आल्या. कला म्हणून मी त्याला फार वर बसवणार नाही. पण बायाबापड्यांना थिएटरात आणणे हीही एक सार्वजनिक सेवाच होती, आणि ती कुठल्याही अनुदान समितीला जमलेली नाही.

सरकारी पैशाने चांगले चित्र निघू शकते काय? निघू शकते, आणि माझ्याकडे पुरावा आहे. केंद्राच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने १९९२ साली ‘एक होता विदूषक’ काढला. पटकथा पु. ल. देशपांडे यांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, गीते ना. धों. महानोरांची. महानोर म्हणजे अजिंठ्याच्या पायथ्याचे, आमच्या भोकरदनच्या शेजारचेच म्हणा ना. लक्ष्मीकांत बेर्डे यांना लोक ज्या धावपळीच्या विनोदासाठी ओळखत, तो बाजूला ठेवून त्यांनी येथे तमाशातला सोंगाड्या उभा केला. हा सोंगाड्या तमाशातून चित्रपटात जातो, चित्रपटातून सत्तेच्या ओसरीवर, आणि त्याचे हसू उत्तरोत्तर दुसऱ्यांच्या कामाचे होऊन बसते. सरकारच्या पैशाने काढलेले चित्र, आणि विषय कोणता? सरकारच्या जवळ गेलेल्या कलावंताचे काय होते, हा! असे धाडस पदरच्या पैशाने करणारे निर्माते मी फार पाहिलेले नाहीत. चित्रात उणिवा आहेत. उत्तरार्ध सैल आहे, आणि पुलंचा शब्द कॅमेऱ्यापेक्षा पुढे धावतो. पण बेर्डे यांचा तो चेहरा, हसवायचे आहे आणि हसू येत नाही असा, डोळ्यांपुढून हलत नाही.

‘दोघी’ हे १९९५ चे चित्रही त्याच महामंडळाचे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी काढलेले. लग्नाच्या दिवशी घर उद्ध्वस्त होते, थोरली मुलगी घर जगवण्यासाठी मुंबईला पाठवली जाते, आणि ती परत येते तेव्हा तिच्याच पैशावर जगलेल्या गावाला ती नकोशी होते. हे चित्र पाहून मी दोन दिवस घरात कोणाशी नीट बोललो नाही. त्यातले खेडे करपरताव्याच्या खेड्यासारखे रंगवलेले नाही. तेथे भूक आहे, आणि भुकेपेक्षा मोठी अब्रू आहे. बाजाराच्या भरवशावर हे चित्र निघाले असते काय? मला वाटते, नाही. म्हणूनच सरकारने चित्रपटात पैसा घालूच नये, असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसू शकत नाही.

परंतु या दोन चित्रांना पैसा कधी मिळाला हे पाहिले पाहिजे. चित्र काढण्याच्या आधी मिळाला. येथेच माझे खरे भांडण सुरू होते.

‘श्वास’ने २००४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ आणले. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला ते मिळाले. मित्रांनी मित्रांकडून पैसा गोळा करून काढलेले ते चित्र, आणि ऑस्करला पाठवायचे ठरले तेव्हा शाळकरी पोरांपासून सगळ्यांनी वर्गणी काढली. पुढे मराठी चित्रांची संख्या वाढत वाढत दरसालची शंभरी ओलांडून गेली. राज्याचे अनुदानही वाढले. ‘अ’ दर्जाच्या चित्राला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाच्या चित्राला ३० लाख, असे त्याचे स्वरूप झाले. एक समिती तयार चित्र पाहते, गुण देते, आणि गुणांवरून दर्जा ठरतो. शाळेत आपण हेच करीत आलो, तेव्हा त्यात कोणास गैर वाटत नाही. पण हे अनुदान चित्र पुरे झाल्यावर मिळते! म्हणजे ज्याच्यापाशी आधीच पैसा आहे, किंवा ज्याला सावकार भेटला आहे, त्यालाच परीक्षेला बसता येते. बी पेरायला मदत नाही. पीक खळ्यावर आले की त्याची प्रतवारी करून बक्षीस. आमचा जालना बियाण्यांचा जिल्हा आहे. येथल्या कोणत्याही शेतकऱ्याला ही योजना समजावून सांगा, तो हसेल.

हे मी हवेत बोलत नाही. घनसावंगी तालुक्यात जांबसमर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्याच गावचे राजकुमार तांगडे. त्यांनी लिहिलेले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक २०१२ साली रंगभूमीवर आले. दिग्दर्शन नंदू माधव यांचे, कल्पना आणि शाहिरी संभाजी भगत यांची, आणि नट बहुतेक जालना जिल्ह्यातले शेतकरी. महाराजांच्या जिरेटोपात मावेल असे डोके शोधत यम पृथ्वीवर हिंडतो, अशी त्याची भन्नाट कल्पना. जातींच्या भिंतींवर इतके थेट बोलणारे आणि तरी इतके हसवणारे नाटक मी अलीकडे पाहिलेले नाही. मुंबईपुण्याच्या मंडळींनी ते डोक्यावर घेतले. माझा प्रश्न एवढाच, की हीच मंडळी चित्रपट काढायला निघाली असती तर? नाटकाला एक टेम्पो, चार पडदे आणि रात्रीची जागरणे पुरतात. चित्राला आधी कोटभर रुपये दाखवावे लागतात. आमच्या भागातली प्रतिभा नाटकात दिसते आणि चित्रपटात दिसत नाही, याचे कारण प्रतिभेत नाही, हप्त्यांच्या क्रमात आहे.

गुजरातच्या दूधउत्पादकांनी हा क्रम उलटवून दाखवला होता. श्याम बेनेगलांच्या ‘मंथन’ला १९७६ साली पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले; पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. निर्माते म्हणून त्या शेतकऱ्यांचे नाव लागले, आणि स्वतःचे चित्र पाहायला ते ट्रक भरभरून गेले. आमच्या मोसंबीवाल्यांना मी हे एकदा सांगून पाहिले. ‘आधी मोसंबीला भाव मिळू द्या,’ असे उत्तर आले. त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते.

आता दुसरा प्रश्न. चित्र लागले कोठे?

गेल्या काही वर्षांतली एक हकीकत. राज्य पुरस्कार मिळालेले एक मराठी चित्र आमच्या शहरात आले आहे, असे कळले. वहिनींना मी म्हटले, चला. वहिनींनी वेळ विचारली. सकाळी सव्वादहा, आणि दिवसात तो एकच खेळ. वहिनी पोळपाटावरून मान वर न करता म्हणाल्या, “भाऊजी, सव्वादहाला कुठली बाई घरातून बाहेर पडते हो? ज्यानं ही वेळ ठरवली, त्याच्या घरी स्वयंपाक कोण करतं?” रविवारी जाऊ असे ठरले. रविवारपर्यंत चित्र उतरले होते. थिएटरवाल्याला विचारले तर म्हणाला, “साहेब, माणसं येत नाहीत.”

चित्राच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सार्वजनिक पैसा ओतायचा, आणि ज्या जनतेचा पैसा तिला ते बघायची सोय ठेवायची नाही, असा हा प्रकार. मल्टिप्लेक्सांना मराठी चित्रासाठी चांगली वेळ द्यायला लावू, असे सरकारने २०१५ साली जाहीर केले. बराच गदारोळ झाला. अखेर चांगली वेळ म्हणजे दुपारी बारापासून रात्री नऊपर्यंत कधीही, असा तोडगा निघाला. सूर्य डोक्यावर असतानाची वेळही मोक्याची ठरवणारे हे पंचांग मला नवीन होते. दक्षिण कोरियानेही थिएटरांवर देशी चित्रांचे दिवस बांधून दिले होते, आणि २००६ साली १४६ चे ७३ करूनही ते पाळायला लावले. पण कोरियात थिएटर आहे. मंठा, जाफराबाद, घनसावंगी, बदनापूर या तालुक्यांच्या माणसाला मल्टिप्लेक्सचा नियम सांगून काय उपयोग? पूर्वी जत्रेत तंबूतला सिनेमा येई. जमिनीवर बसून, मध्येच रीळ तुटले की शिट्ट्या मारून, लोक ‘मोलकरीण’ आणि ‘मानिनी’ पाहत. तंबू गेला आणि त्याच्या जागी काही आले नाही. हातातल्या फोनवर सारे दिसते, असे तरुण सांगतात. दिसते खरे. पण चार घरची माणसे एका अंधारात एकाच वेळी हसतात तेव्हा जे घडते, ते खाटेवर पडून एकट्याने पाहताना घडत नाही.

प्रेक्षक नाही, हे थिएटरवाल्याचे विधान २०१६ साली ‘सैराट’ने खोटे पाडले. शंभर कोटींच्या घरात गेलेला तो पैसा काही केवळ दादरचा आणि डेक्कनचा नव्हता. तो तालुक्यातालुक्यांतून आला होता, टेम्पो करून गेलेल्या पोरापोरींचा.

केरळच्या सरकारने चित्रपट विकास महामंडळ १९७५ साली काढले, आणि पुढे त्या महामंडळाने स्वतःची थिएटरे बांधली. आपल्याकडे महामंडळ १९७७ साली निघाले, गोरेगावला चित्रनगरी झाली, कोल्हापुरालाही झाली. चित्रे काढण्याची जागा सरकारने दोनदा बांधली, चित्रे दाखवण्याची एकदाही मनावर घेतली नाही. फ्रान्सात तर १९४८ पासून तिकिटाच्या दरातच एक छोटा अधिभार असतो, सुमारे पावणेअकरा टक्के. अमेरिकन चित्र पाहणाराही तो देतो. तो पैसा फ्रेंच निर्मात्याला जातो, तसाच लहान गावातल्या थिएटरवाल्यालाही जातो. आपल्या करमणूक कराचे असेच काही करता आले असते. पण तो १ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा करात विरघळून गेला.

तेव्हा माझे म्हणणे असे. चाळीस लाखांच्या यादीतून दरसाल थोडी चित्रे वगळा. त्या पैशाचे दोन भाग करा. एक भाग, नुसती संहिता आणि दहा मिनिटांचा नमुना पाहून, चित्र सुरू होण्याआधी द्या. फाळक्यांनी वाटाण्याचा वेल दाखवला होता, त्याहून जास्त मागू नका. दुसऱ्या भागातून तालुक्याच्या गावी शंभर-दीडशे खुर्च्यांची एकेक खोली उभारा. यंत्रे आता रिळांची राहिलेली नाहीत, खर्च पूर्वीसारखा नाही. आणि अनुदान घेणाऱ्या प्रत्येक चित्राला अट घाला, की त्याचे काही खेळ या खोल्यांत संध्याकाळी झालेच पाहिजेत.

ही खोली चालवणार कोण, वीजबिल भरणार कोण, हे विचारणारे भेटतील. ग्रंथालयांची बिले कोणी ना कोणी भरतेच. जालन्याहून मुंबईला जाणारी वंदे भारत गाडी २०२३ च्या अखेरीस सुरू झाली. समृद्धी महामार्गही जिल्ह्यातून गेला. आमची माणसे, आमची मोसंबी, आमच्या सळया आता मुंबईला लवकर पोचतात. मुंबईला काढलेले मराठी चित्र जाफराबादला पोचायला मात्र अजून किती दिवस लागतात, ते वहिनी मला दर शुक्रवारी विचारतात.